दिस, दॅट आणि एक रिप्लाय ऑल

कबूल करूनच टाकते. मी 'ती' मुलगी आहे. हॉटेलात गेल्यावर आधी मेन्यूकार्डातली स्पेलिंगं तपासणारी, मैत्रिणीच्या लग्नपत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घ शोधणारी, आणि समोरचा 'रिव्हर्ट बॅक' म्हणाला की जिच्या कपाळावर बारीकशी आठी पडते ती. मास कॉमची डिग्री, पाच-सहा वर्षांचं फ्रीलान्सिंग आणि दिवसाला तीन कॉफ्या... दुसरं काय होणार माणसाचं?

तर गोष्ट डिसेंबरातली. बाणेरच्या एका ऑफिसात मी आठवड्यातले तीन दिवस जाते. त्यांच्या क्लायंट्सची न्यूजलेटर्स, ब्रोशर्स वगैरे लिहून देते. ऑफिसचं नाव सांगत नाही, कारण अजून तिथेच जाते आणि माझी बिलंही तिथूनच निघतात. बिलांचं लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहेत.

तिथे अकाउंट्समध्ये एक काका आहेत. पन्नाशीचे, सोलापूरकडचे. शर्टच्या खिशात कायम दोन पेनं, एक निळं, एक लाल. ऑफिसातलं कुठलं बिल कुठे अडकलंय हे सॉफ्टवेअरच्या आधी काकांना माहीत असतं. त्या दिवशी त्यांनी एका क्लायंटला मेल टाकला. चौदा जण सीसीमध्ये. त्यात एक वाक्य होतं, 'प्लीज चेक दिस डॉक्युमेंट्स अँड कन्फर्म दॅट चेंजेस.'

माझी बोटं माझ्या डोक्यापेक्षा फास्ट आहेत. मी रिप्लाय दाबला, लिहिलं 'दीज डॉक्युमेंट्स, दोज चेंजेस', पुढे एक हसरी स्मायली टाकली आणि सेंड. मला वाटलं, फक्त काकांना गेला. तो गेला चौदाच्या चौदा जणांना.

दोन मिनिटांत पलीकडच्या क्युबिकलमधून खसखस. कुणीतरी 'हाहा' पाठवलं. क्लायंटकडून एक अंगठा आला. माझ्या पोटात गोळा. काकांनी स्क्रीनकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कामाला लागले. मला काहीच म्हणाले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी 'सॉरी काका' म्हटलं. ते म्हणाले, "अहो मॅडम, चूक ती चूक. त्यात काय." तोवर मी 'अगं' होते, त्या दिवसापासून 'मॅडम' झाले. आणि एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. काकांनी मेल लिहिणं बंद केलं होतं. क्लायंटला फोन करायचे, नाहीतर बावीस वर्षांच्या ट्रेनी पोराला मराठीत सांगायचे आणि तो इंग्रजीत टाइप करायचा. तीस वर्षं हिशेब सांभाळणारा माणूस, आणि त्याचं इंग्रजी आता एका पोराच्या कीबोर्डवर अवलंबून. का? तर एका स्मायलीमुळे.

आता जानेवारी. क्लायंटच्या तीन नव्या बिलांवर जीएसटी नंबर चुकला होता. काका संध्याकाळच्या गाडीने गावी निघालेले, घाईत पोराला म्हणाले, "ती तीन बिलं थांबवायला सांग. दुरुस्त करून पाठवतो म्हणावं." पोरानं नवी बिलं मेलला जोडली आणि झकास इंग्रजीत लिहिलं, 'प्लीज होल्ड दोज थ्री इन्व्हॉइसेस.' व्याकरणाच्या नावानं बोट ठेवायला जागा नाही. दोज अनेकवचनी, इन्व्हॉइसेस अनेकवचनी. सॉफ्टवेअरनं खाली निळी रेघसुद्धा ओढली नाही.

पण त्याच मेलमालिकेत मागच्या महिन्याच्या तीन बिलांबद्दलही बोलणं झालं होतं. क्लायंटच्या माणसानं 'दोज' वाचलं आणि अर्थ लावला, ती म्हणजे लांबची, म्हणजे आधीची. मागच्या महिन्याची, अगदी बरोबर असलेली तीन बिलं त्यानं थांबवून टाकली. सव्वा महिना. आणि त्या तीनातलं एक काम कुणी लिहिलेलं? मी! क्लायंटचे पैसे आले की मगच माझं बिल पास होतं. फ्रीलान्सर मंडळींना सांगायला नको, सव्वा महिना म्हणजे किती ते. घरमालकाला मी तेव्हा जे मेसेज लिहिले ते माझं आजवरचं सर्वात कळकळीचं लेखन आहे.

काकांच्या 'दिस डॉक्युमेंट्स'मध्ये वचन चुकलं होतं, पण बोट बरोबर ठिकाणी होतं. काय तपासायचं ते क्लायंटला बरोबर कळलं. पोराच्या 'दोज'मध्ये वचन बरोबर होतं, बोट चुकलं. आणि मी चौदा लोकांसमोर हसले होते कशाला, तर वचनाला.

त्या आठवड्यात मी दोन कटिंग घेऊन काकांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, काका, खरंच सॉरी. माझी चूक झाली ती इंग्रजी सुधारण्याची नाही, सगळ्यांसमोर सुधारण्याची. त्यांनी चहा घेतला, एक घोट प्यायले आणि ड्रॉवरमधून एक जुनी डायरी काढली. निळ्या पेननं लिहिलेल्या शंका. पान भरून. म्हणाले, "मग आता ह्याची उत्तरं द्या मॅडम."

पहिलीच शंका होती : आपण मराठीत कधी चुकत नाही, मग इंग्रजीत इथेच का चुकतो?

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. कारण मला येत नव्हतं. मला 'दीज डॉक्युमेंट्स' बरोबर हे माहीत होतं, जसं आपल्याला आपल्या पिनकोडचा नंबर माहीत असतो. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

मग काय, पुढचा महिनाभर लंच टाइममध्ये आमचा क्लास. शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण ते अजून ठरलेलं नाही.

आधी साधा हिशेब. एखाद्या वस्तूकडे बोट दाखवणारा शब्द नामाच्या आधी आला की तो दर्शक विशेषण. इंग्रजीत असे चारच. जवळचं एक, 'दिस'. जवळचे अनेक, 'दीज'. लांबचं एक, 'दॅट'. लांबचे अनेक, 'दोज'. पुढे येणारं नाम एकवचनी की अनेकवचनी ते बघायचं आणि शब्द निवडायचा. बस्स. लिंगाची भानगड नाही, विभक्तीची नाही. आपल्याकडे बघा! हा मुलगा, ही मुलगी, हे मूल, हे मुलगे, ह्या मुली, ही मुलं. शिवाय तो, ती, ते, त्या. इंग्रजीत शिकायला येणाऱ्या माणसाला मराठी म्हणजे सुट्टीतला जिम आहे.

मग चूक कुठे होते? पहिलं कारण काकांनीच शोधलं, आणि ते इतकं सॉलिड आहे की मी त्यांचं नाव लावूनच सांगते. ते म्हणाले, "अहो, आपला 'हे' बघा की. हे डॉक्युमेंट. आणि हे डॉक्युमेंट्स. दोन्हीकडे हेच!" खरंच. आपला 'हे' नपुंसकलिंगी एकवचनातही चालतो आणि पुल्लिंगी अनेकवचनातही. 'ही' तसाच, ही फाइल आणि ही बिलं. पुढे 'मध्ये', 'वर', 'ला' असं काही चिकटलं की मग तर सगळ्यांचा मिळून एकच 'या'. या कागदावर, या कागदांवर. या मुलाला, या मुलींना. एक की अनेक हे आपल्याकडे नामाच्या शेपटीत कळतं, आधीच्या 'या'त नाही. म्हणजे 'या फाइल्समध्ये' असं डोक्यात घोळवत 'इन दिस फाइल्स' लिहिणारा माणूस अडाणी नाही. तो मराठीत अगदी बरोबर विचार करतोय.

दुसरं कारण इंग्रजीच्याच स्वभावातलं. तिथे विशेषणं बदलत नाहीत. ब्लू फाइल, ब्लू फाइल्स. बिग मिस्टेक, बिग मिस्टेक्स. आपण निळा-निळी-निळे-निळ्या करत दमतो, इंग्रज एका 'ब्लू'वर जन्म काढतो. मग शिकणाऱ्याला वाटतं, आधीच्या शब्दाला हात लावायचाच नाही, फक्त नामाला 'एस' लावला की झालं. आणि नेमके हे दोन शब्द, दिस आणि दॅट, हट्टानं बदलतात. बाकीची सगळी सोसायटी सोडून गेली आणि दोन म्हातारे तेवढे जुन्या वाड्यात राहिले, तसं.

म्हातारे म्हणते ते उगाच नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्यासारखीच तीन लिंगं होती, विभक्त्या होत्या आणि या बोट दाखवणाऱ्या शब्दांची ढीगभर रूपं होती. आजचं 'दॅट' हे त्यातलं नपुंसकलिंगी रूप. आजचं 'द'सुद्धा त्याच घरातलं. बाकीची रूपं झिजून गेली आणि चार उरली. आणि गंमत ऐका. आज लांबच्यांसाठी वापरतो तो 'दोज' मुळात जवळच्या 'दिस'च्या अनेकवचनातून आलाय! हे वाचलं तेव्हा मला ट्रेनी पोराची दया आली. इंग्रजांचाही तिथे घोळ झालाच होता की.

तिसरं कारण कानाचं. 'दिस' आणि 'दीज' आपण बोलतो तेव्हा फरक असतो कुठे? आपल्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा तेवढा पहारा नाही. लिहिताना 'पाणी'ला दीर्घ वेलांटी देतो, बोलताना कोण मोजतंय? शिप आणि शीप जसे आपल्या तोंडात जुळे भाऊ, तसेच हे. आणि जे तोंडात एक होतं ते हळूच कीबोर्डवरही एक होतं. यावर माझा उपाय फारच घरगुती आहे. 'दीज' म्हणताना किंचित हसायचं, ओठ ताणायचे. लांबी आपोआप येते. काका चार दिवस कॅल्क्युलेटरकडे बघून हसत होते. ऑफिसला वाटलं बोनस आला.

काकांच्या काळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून आलं ते २००० साली. काकांनी इंग्रजी शिकलं ते सोलापुरात, वडिलांच्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून. मी इंग्लिश मीडियमची, मला ते शिकावंच लागलं नाही. आणि त्याच जोरावर मी त्यांना स्मायली पाठवली होती. असो.

डायरीचं पुढचं पान जास्त मजेशीर होतं. त्यावर नियम नव्हते, फक्त नामं होती. लबाड नामं. म्हणजे चेहरा एकाचा आणि आत निघतात अनेक, किंवा उलट. खरी गोची इथेच आहे, कारण नियम सोपा आहे, पण नामाचं वचन दिसलं तर ना.

'पीपल'ला 'एस' नाही, तरी तो अनेकवचनी. दीज पीपल. 'न्यूज'च्या शेवटी 'एस'चा आवाज आहे, तरी एकवचनी. दिस न्यूज. ('न्यूज' एके काळी अनेकवचनी वापरायचे, पण ते दिवस गेले.) वेब सिरीजवाल्यांनो, 'सिरीज' दोन्हीकडे सिरीजच. एकच बघत असाल तर दिस सिरीज, तीन संपवल्या असतील तर दीज सिरीज. आणि तीन संपवल्या असतील तर झोपा आता.

मग वस्तू. आपली कात्री एक. इंग्रजांची कात्री कायम अनेक, कारण पाती दोन. दीज सिझर्स. चष्मा एक, पण दीज ग्लासेस. मॉलमध्ये ट्रायल रूमच्या बाहेर आपण म्हणतो, 'ही जीन्स कशी दिसते?' इंग्रजीत ती 'दीज जीन्स', एकच असली तरी. एकवचनाचाच आग्रह असेल तर 'दिस पेअर ऑफ जीन्स' म्हणायचं, म्हणजे बोट 'पेअर'कडे जातं आणि 'पेअर' एकच असतो. काका म्हणाले, "दोन पाय म्हणून अनेकवचन, तर मग शर्टला दोन बाह्या, त्याला का नाही?" प्रश्न रास्त आहे. उत्तर माझ्याकडे नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते शोधायचंही नाही. काही गोष्टी पाठच कराव्या.

उलटी यादी तर आणखी भारी. आपल्याकडे केस अनेक, 'माझे हे केस बघ ना, किती गळतायत.' इंग्रजीत डोक्यावरचं सगळं जंगल मिळून एकच. दिस हेअर. आपले पैसे अनेक, त्यांचा 'मनी' एकवचनी. 'दीज मनी' नाही, 'दिस मनी'. आपले पोहे नेहमी अनेक, कुणी 'हा पोहा छान झालाय' म्हणालं तर आई ताटावरून उठवेल. आणि कॅन्टीनमधला इंग्रजी फळा मात्र बिनदिक्कत एकवचनी 'पोहा' लिहितो. त्या फळ्याला मी माफ केलंय.

ऑफिसात सर्वात जास्त बळी घेणारी टोळी वेगळीच आहे. फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, इन्फर्मेशन, अॅडव्हाइस, फीडबॅक. यांना मोजताच येत नाही, म्हणून अनेकवचन नाही, म्हणून 'दीज' नाही. तुमच्या इनबॉक्समध्ये शोधून बघा, 'दीज फीडबॅक्स' किमान एकदा सापडेल. माझ्यात सापडलं. पाठवणारीचं नाव वाचलं तर मीच! दोन वर्षांपूर्वीचा मेल, क्लायंटला, तीन जण सीसीमध्ये. कुणीच रिप्लाय ऑल केला नव्हता. चांगली माणसं होती बिचारी. मोजायचंच असेल तर मधे एक भांडं ठेवावं लागतं, पीस, आयटम, पॉइंट. दीज पीसेस ऑफ फर्निचर. आपण नाही का 'दोन पाणी' म्हणत नाही, दोन ग्लास पाणी म्हणतो. (हॉटेलातला वेटर म्हणतो, पण त्याला सगळं माफ.)

'क्रायटेरिया'वर मी थोडी कडक आहे. ते अनेकवचन आहे, एक असेल तर क्रायटेरियन. जॉबच्या जाहिरातीत 'दिस क्रायटेरिया' दिसलं की मला अजूनही आठी पडते, फक्त आता मी ती खाली मान घालून पाडते. 'डेटा'चं मात्र मी सोडून दिलंय. लॅटिनमध्ये तो 'डेटम'चा अनेकवचनी, त्यामुळे संशोधनाच्या पेपरात 'दीज डेटा' लिहिणारे अजून आहेत. पण लंडनचा 'द गार्डियन' आपल्या शैलीपुस्तिकेत त्याला एकवचनी धरतो, आणि एक्सेल शीट पाठवताना तुम्ही 'दिस डेटा' लिहिलंत तर जगात कुणी तुम्हाला हसणार नाही. हसला तर त्याला माझ्याकडे पाठवा.

रक्कम आणि वेळ यांचं काकांना लगेच पटलं, कारण तो त्यांचा प्रांत. दहा हजार रुपये म्हणजे नोटा अनेक, पण रक्कम एक. म्हणून 'दिस टेन थाउजंड रुपीज' चालतं. गठ्ठा म्हणून बघितलं की एकवचन. तेच चहाच्या सुट्टीच्या पंधरा मिनिटांचं, 'दॅट फिफ्टीन मिनिट्स'. काका खूश. "म्हणजे टोटल मारली की सिंग्युलर!" याहून चांगली व्याख्या मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही.

आणि मग तो कुप्रसिद्ध 'काइंड ऑफ'. 'दीज काइंड ऑफ फाइल्स' असं सगळे म्हणतात. इथे बोटाचा गोंधळ होतो. बोट खरं तर शेजारच्या 'काइंड'कडे आहे, पण डोळा पुढच्या 'फाइल्स'कडे जातो आणि जीभ 'दीज' म्हणून मोकळी होते. हिशेबानं बघितलं तर 'दिस काइंड ऑफ फाइल', नाहीतर 'दीज काइंड्स ऑफ फाइल्स'. सगळंच टाळायचं असेल तर 'फाइल्स लाइक दीज', कटकट नाही. पण चुकलात तरी सोबत मोठी आहे. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्येही एका पात्राच्या तोंडी एकवचनी 'काइंड'च्या आधी 'दीज' आहे. हे मी काकांना सांगितलं तर ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "त्यांना कुणी रिप्लाय ऑल केला नसेल."

लागलं. लागायलाच हवं होतं.

एक राहिलंच. आपण मोठ्या माणसाबद्दल आदरानं 'हे' म्हणतो. हे आमचे साहेब. आईच्या तोंडी तर 'हे' म्हणजे फक्त बाबा, दुसरं कुणी नाही. तो 'हे' अनेकवचनी, पण माणूस एक. इंग्रजीत असला आदर दर्शक विशेषणात मावत नाही. साहेब कितीही मोठे असले तरी 'दिस जंटलमन'. आमच्या ऑफिसात एका नव्या मुलीनं क्लायंटसमोर डायरेक्टरची ओळख करून देताना 'दीज आर अवर सर' म्हटलं होतं. तेव्हा मी हसले नाही. डायरेक्टरना ते आवडलं असावं असा माझा संशय आहे.

माझे पैसे फेब्रुवारीच्या मध्याला आले. काकांनीच फोन करून ती बिलं सोडवली. क्लायंटच्या माणसाशी मराठीतच बोलले, तो नाशिकचा निघाला. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः मेल लिहिला. मी सीसीमध्ये होते आणि श्वास रोखून वाचला. 'प्लीज रिलीज दीज थ्री इन्व्हॉइसेस, अटॅच्ड हिअर. दोज फ्रॉम डिसेंबर आर ऑलरेडी करेक्ट.' जवळची जवळ, लांबची लांब, आणि सगळी अनेकवचनी. मी तो मेल स्टार करून ठेवलाय. रिप्लाय मात्र केला नाही. कुणालाच.

मग आली २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. ऑफिसनं ठरवलं, पुस्तकांचा एक कोपरा करायचा, सगळ्यांनी घरून एकेक मराठी पुस्तक आणायचं. मराठीतला मेल कुणी लिहायचा? अर्थात मी. मी फूल फॉर्मात लिहिलं, सगळ्या ऑफिसला पाठवलं. एकशे दहा लोक.

पाच मिनिटांनी काकांचा मेल आला. फक्त मला. दामल्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'चा उल्लेख वगैरे काही नाही, खरं तर ते पुस्तक त्यांच्या वडिलांच्या कपाटात होतं असं ते मला एकदा म्हणाले होते. मेलमध्ये तीनच ओळी होत्या.

'तुम्ही लिहिलंय, हे पुस्तकं घरी नेऊन वाचा, ते गाणी ऐका. हे पुस्तक, पण ही पुस्तकं. ते गाणं, पण ती गाणी.'

मी तीनदा वाचलं. हे पुस्तकं. ते गाणी. मी असंच बोलते! माझ्या मैत्रिणी असंच बोलतात. हे मुलं, ते घरं, हे फुलं... आमच्या ग्रुपवर कुणाच्या कानाला खटकत नाही. आपल्या स्वतःच्या भाषेत, नाम डोळ्यांसमोर अनेकवचनी उभं असताना, मी त्याच्याआधी एकवचन ठोकून दिलं होतं, एकशे दहा लोकांना. अगदी 'दिस डॉक्युमेंट्स'च. सेम टु सेम.

मान वर करून काकांकडे पाहिलं. ते मॉनिटरकडे बघत होते, ओठ किंचित ताणलेले. 'दीज' म्हणताना ताणायचे असतात तसे.

मेलची तिसरी ओळ सांगायची राहिली. 'सीसीमध्ये कुणी नाही, काळजी करू नकोस. चहाला ये, आणि येताना ती डायरी आण, आता त्यात तुझ्यासाठी पान काढलंय.' लाल पेनचं पान असणार, मला माहितीये.